हे खरे नाही

पुतळाबाईनं आमदारांना बसा म्हटलं नाही.

शिवरंजनी बिराजदार सांत्वनाला आली होती. चिंचकुंड तिच्या मतदारसंघातलं मोठं गाव, तिथं ती आली की खुर्च्या टाकायला माणसं धावायची. त्या दिवशी बुद्धविहारामागच्या त्या घरात ओट्यावरचं एकही माणूस उठलं नाही. ज्ञानोबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याची आणि पुतळाबाईची लेक चैताली बाळंतपणाला माहेरी आली होती. गावातल्याच ग्रामीण रुग्णालयात तिला मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. सोलापूरला हलवा म्हणाले. तामलवाडीच्या पुढं, चालत्या गाडीतच पोरगी गेली.

शिवरंजनी शासनाच्या मदतीविषयी काही बोलू लागली, तशी पुतळाबाईनं तिला मध्येच तोडलं.

“आता रक्तासाठी सोलापूर गाठायची गरज न्हाय, असं भाषण केलं व्हतं तुमी. दवाखान्यातल्या रक्ताच्या केंद्राची फीत बी तुमीच कापली. मग माझ्या लेकीला रक्त का न्हाय मिळालं?”

शिवरंजनी हात जोडून बाहेर पडली आणि गाडीत न बसता पायीच रुग्णालयाकडं निघाली. तिचा स्वीय सहायक राजपाल बनसोडे फोन लावू लागला, तर तिनं त्याला थांबवलं. कुणाला कळवायचं नाही, म्हणाली.

रक्त साठवणूक केंद्राला कुलूप होतं. किल्ली सापडायला बराच वेळ गेला. आत भिंतीला लागून उंच पांढरं फ्रीज उभं होतं, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. वायरीची गुंडाळी तशीच वर ठेवलेली. रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. शंभुलिंग स्वामी मागोमाग आले. चेहरा उतरला होता, पण बोलले सरळ. औषध प्रशासनाचा परवाना नाही म्हणून रक्त ठेवता येत नाही. तंत्रज्ञ नाही म्हणून परवाना मिळत नाही. तंत्रज्ञाचं पद भरा म्हणून ते वर्षभर वर लिहीत होते. आरोग्यमंत्र्यांची तारीख मिळाली तेव्हा, उद्घाटन उरकून घ्या, बाकीचं मागाहून बघू, असं त्यांना वरून सांगण्यात आलं.

उद्घाटनाला शिवरंजनीही होती. मंत्र्यांनी कौतुकानं कात्री तिच्या हातात दिली होती. फोटो झाले, भाषणं झाली आणि सगळे जेवायला गेले. दाराच्या आत तिनं पाऊलही टाकलं नव्हतं.

आधी तिनं घरच्या वाटेनंच प्रयत्न केला. सरकार तिच्याच पक्षाचं होतं. मंत्र्यांना फोन केला, भेट घेतली, निवेदन दिलं. प्रत्येक वेळी ‘बघून घेतो’ असं गोड उत्तर मिळालं आणि फ्रीज होतं तिथंच राहिलं. हिवाळी अधिवेशन जवळ आलं तेव्हा तिनं राजपालला तारांकित प्रश्न लिहायला सांगितलं. म्हणजे मंत्र्यांना लेखी उत्तर तर द्यावं लागतंच, शिवाय सभागृहात उभं राहून उपप्रश्नांनाही तोंड द्यावं लागतं.

राजपालनं दोन पानं लिहून आणली. त्यात ‘निष्पाप माता’ होती, ‘निर्दयी प्रशासन’ होतं. शिवरंजनीनं सगळं खोडलं. उरलं ते असं: चिंचकुंड येथील रक्त साठवणूक केंद्र उद्घाटनानंतरही बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास, रक्त न मिळाल्याने एका मातेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय, असल्यास, यास जबाबदार असणाऱ्यांवर शासनाने कोणती कारवाई केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

प्रश्न स्वीकारला गेल्याची बातमी फुटली आणि शरणबसप्पा दारात येऊन उभे राहिले. पक्षाचे जिल्ह्यातले कर्तेधर्ते आणि शिवरंजनीचे सख्खे मामा. नवरा गेल्यावर तिला राजकारणात त्यांनीच आणलं होतं. चहाचा कप त्यांनी हातानं बाजूला सारला.

“आपल्याच मंत्र्याला भर सभागृहात उघडं पाडणार तू?”

“ते केंद्र उघडायला लावणार आहे, मामा.”

“तिकीट मी आणलं होतं तुझं. ते जायला वेळ लागत नाही. आणि कुणासाठी? त्या वस्तीनं मतं तरी दिली का तुला?”

शिवरंजनी खुर्चीतून उठली. तिच्या आईच्या या भावासमोर ती आजवर कधी आवाज चढवून बोलली नव्हती, आताही बोलली नाही. फक्त म्हणाली की हे वाक्य तुम्ही या घरात बोललात तेवढं पुरे, पुन्हा बोलायचं असेल तर येऊ नका. शरणबसप्पा चपला घालून निघून गेले.

अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात मंत्र्यांच्या कार्यालयातून निरोप आला. प्रश्न मागे घ्या, चिंचकुंडच्या रुग्णालयाला पन्नास खाटा मंजूर करतो. राजपालला वाटलं, घ्यावं. एका फ्रीजपेक्षा पन्नास खाटा कधीही जास्त. त्यानं तसं सांगितलंही. शिवरंजनीचीही एक रात्र त्यात गेली. सकाळी ती त्याला म्हणाली, “त्या खाटाही प्लास्टिकमध्येच गुंडाळून येतील. मग त्यावर कुणी प्रश्न विचारायचा?”

नागपूरला, प्रश्नोत्तराच्या तासाआधी छापील उत्तरं सदस्यांच्या हातात पडली. पहिल्या दोन प्रश्नांपुढं लिहिलं होतं, ‘हे खरे नाही.’ केंद्र कार्यान्वित असून मातेचा मृत्यू इतर वैद्यकीय कारणांनी झाला. पुढच्या दोन्ही प्रश्नांपुढं एकच ओळ होती, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ शिवरंजनीनं ती दोन-तीनदा वाचली. पुतळाबाईचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं एकच उपप्रश्न विचारला.

“अध्यक्ष महोदय, केंद्र सुरू आहे असं उत्तर आहे. माझा प्रश्न साधा आहे. सुरू झाल्यापासून तिथून रक्ताच्या किती पिशव्या दिल्या गेल्या?”

मंत्र्यांनी मागं अधिकाऱ्यांच्या कक्षाकडं पाहिलं. चिठ्ठी आली नाही. माहिती मागवून पटलावर ठेवतो, असं ते म्हणाले.

“मी सांगते. एकही नाही. परवानाच नाही. फ्रीजची वायरसुद्धा सोडलेली नाही.”

विरोधी बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. मंत्री संतापले. सन्माननीय सदस्यांच्याच हस्ते केंद्राचं उद्घाटन झालं, फीत कापताना त्यांनी डोळे मिटले होते का, असं त्यांनी विचारलं. सत्ताधारी बाकांवर हशा पिकला. तिच्या शेजारचा सदस्यही हसत होता.

शिवरंजनीनं माइक घट्ट धरला.

“हो. फीत मी कापली. आत जाऊन पाहिलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती इथल्या नोंदीत राहू द्या. पण माझ्या चुकीमुळं तुमचं उत्तर खरं होत नाही.”

हशा थांबला. विरोधक बाकं वाजवू लागले, त्याचीही तिला चीड आली, कारण त्यांच्यातल्या एकानंही चिंचकुंड पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी उत्तर असमाधानकारक असल्याचं सांगून प्रश्न राखून ठेवला आणि दुरुस्त माहितीसह पुन्हा उत्तर द्यायला बजावलं. त्याच आठवड्यात नवं उत्तर आलं. त्यात ‘हे खरे आहे’ असं छापलेलं होतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. तुळजापूरहून एक तंत्रज्ञ बदलून आला, परवाना मिळाला, फ्रीज सुरू झालं. आणि कारवाई म्हणून निलंबित झाले ते डॉ. शंभुलिंग. तारीख ठरवणारे, खोटं उत्तर लिहून पाठवणारे सगळे आपापल्या खुर्चीत राहिले. डॉक्टर शिवरंजनीच्या घरी आले आणि फाटकातूनच बोलले. “खरं तुम्हाला मी सांगितलं, मॅडम. त्याचं हे बक्षीस.” ती त्यांना आत बोलवत राहिली, ते थांबले नाहीत. त्याच दिवशी तिनं राजपालला पुढचा प्रश्न लिहायला बसवलं. खोटी माहिती सभागृहापर्यंत कुणी पाठवली, त्यांची नावं काय? मामांच्या माणसांनी चौकातल्या फलकावरच्या तिच्या फोटोला डांबर फासल्याचं त्याच दुपारी कळलं. तो पुसायला तिनं कुणाला पाठवलं नाही.

उन्हं उतरल्यावर ती पुतळाबाईकडं गेली. ओट्यावर पुतळाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. केंद्र सुरू झालं आणि खोटी माहिती पाठवणाऱ्यांची नावं आता विचारली आहेत, एवढंच शिवरंजनीनं सांगितलं. पुतळाबाईनं मान वर केली नाही. बोलला तो ज्ञानोबा.

“ठाऊक हाय आमाला. तांड्यावरली एक बाई वाचली तिथं परवा. तिची माय पेढे घेऊन आली व्हती हितं. तुमच्या पोरीमुळं रक्त आलं, म्हणं.”

“घेतले का तुम्ही?” शिवरंजनीनं हळूच विचारलं.

“न्हाय,” पुतळाबाई म्हणाली. “माझ्या पोरीच्या जिवावरचे पेढे म्या कसे खाऊ?”

मांडीवरचं पोर रडायला लागलं. ती त्याला खांद्यावर घेऊन उठली, आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ज्ञानोबा तेवढा ओट्यावर बसून राहिला. त्यानं शिवरंजनीला विचारलं, “त्या नावांचं उत्तर कवा येणार?”

पुढच्या अधिवेशनात, ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तोही आत गेला.