बुडावरची फुली

भोक आपणच पाडलेलं आहे, हे मोरेश्वर तळप्यांनी दारातूनच ओळखलं.

ॲल्युमिनियमचं ते मोठं, काळवंडलेलं पातेलं छतातून साखळीने टांगलं होतं आणि त्याच्या आत दिवा लावला होता. बुडाला पहारीचे दोन आडवेउभे घाव. त्यांतून उजेडाची एक फुली खाली जमिनीवर पडली होती आणि तिच्यावर उभे राहून सहा-सहा फुटी माणसं नखाएवढ्या ग्लासांतून गावठी चाखत होती. चाखत कसली, आधी नाक खुपसून वास घेत होती, मग डोळे मिटत होती. या वासापायी गावाकडे बायका नवऱ्यांसाठी रात्रभर दारात ताटकळायच्या, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं.

"बाबा, हात तरी मोकळे सोडा," सूनबाई म्हणाली. "तपासणीला आल्यासारखे उभे आहात."

प्रांजलीचं खरं होतं. मोरेश्वरांचे हात पाठीमागे बांधलेले होते. दारूबंदी खात्यातल्या नोकरीने लावलेली ती सवय. भट्टीवाल्याच्या घरात शिरताना हात मागे बांधले की त्यांत कोणाला काही कोंबता येत नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हात अजून मागेच जात.

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या नदीकाठी, जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये दिलीपने ही भट्टी उघडली होती. भट्टी म्हणायचं नाही, डिस्टिलरी म्हणायचं. काळ्या गुळाची दारू, नाव 'दरा', कारण दिलीप सह्याद्रीतल्या आंबेदऱ्याचा. मोरेश्वरही आंबेदऱ्याचेच. त्यांचा मुलगा अंबरीश इथल्याच एका वीज कंपनीत होता आणि दिलीपचा दोस्त होता. "बाबा, गाववाला भेटेल तुम्हाला," एवढंच सांगून त्याने वडिलांना आणलं होतं. तो गाववाला बुधाचा मुलगा निघेल, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. अंबरीशच्या डोक्यात गाव कधी फारसं नव्हतंच.

बुधाची भट्टी मोरेश्वरांनी तीनदा फोडली होती. आपल्या गावात, आपल्या बालमित्राची. तिसऱ्या वेळेला बुधा आत गेला, खोकला घेऊन बाहेर आला आणि पुढचा पावसाळा त्याने पाहिला नाही.

भिंतीवर खाकीतला एक माणूस रंगवला होता. झुबकेदार मिशा, सुटलेलं पोट आणि पुढे पसरलेला पंजा. तेच चित्र प्रत्येक बाटलीवर होतं. खाली डच भाषेत चार ओळी.

"काय लिहिलंय?"

प्रांजलीने वाचलं, जरा अडखळली. "असंच काहीतरी, बाबा. मार्केटिंग."

"मला अर्थ सांग."

"पोलिसाने लाच मागितली. गरीब बापाकडे द्यायला पैसे नव्हते. म्हणून पोलिसाने भांडं फोडलं."

"पोलीस नव्हे. दारूबंदी," मोरेश्वर म्हणाले. चूक दुरुस्त करायला त्यांनी आधी हीच निवडली. मग त्यांना लाच हा शब्द लागला, आणि लागला तो लागलाच.

आयुष्यात त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. बढती उशिरा मिळाली, गावात पाणी विचारायला कोणी उरलं नाही, सख्ख्या चुलत्याच्या तेराव्याला त्यांची पंगत वेगळी मांडली गेली. या सगळ्याच्या बदल्यात एकच गोष्ट त्यांनी शिल्लक ठेवली होती. हप्ता घेतला नाही. ती इथे, परक्या मुलखात, बाटलीवर कागद चिकटवून कोणीतरी पुसून टाकली होती.

त्यांनी दिलीपला गाठलं. दिलीपने केसांची शेंडी बांधली होती आणि अंगात मुद्दाम मळकट ठेवलेला चामडी एप्रन होता.

"काका! अहो, तुम्ही तर आमचे ब्रँड अँबॅसडर!"

"मी पैसा खाल्ला नाही, दिलीप."

"मला ठाऊक आहे ना, काका."

"मग हे काय आहे?"

"स्टोरी आहे. इथल्या माणसाला भ्रष्ट पोलीस लगेच कळतो. प्रामाणिक दाखवला तर मग आम्हीच चोर ठरतो की. बाटली कोण घेईल?" त्याने मोरेश्वरांच्या खांद्यावर हात टाकला. "एवढं मनाला लावून घेऊ नका. मिशा तरी भारदस्त काढल्यात."

आणि तिथेच एका खोक्यावर चढून त्याने टाळी वाजवली, डचमध्ये काहीतरी घोषणा केली आणि बोट मोरेश्वरांकडे केलं. गर्दी वळली. फोन वर झाले. एका बाईने चित्राकडे बघितलं, मोरेश्वरांकडे बघितलं आणि आनंदाने मान हलवली. लोक टाळ्या वाजवत होते. लाचखाऊ माणसाला एवढ्या प्रेमाने बघणारी माणसं मोरेश्वरांनी विधानसभेच्या प्रचारातच पाहिली होती.

"यांना सांग," ते मोठ्याने म्हणाले, "मी कधी पैसा घेतला नाही."

"आईच सांगेल की!" दिलीप हसत म्हणाला. "आई, सांग गं, काका घ्यायचे का?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर शोभा बसली होती, बुधाची बायको. नऊवारीवर लेकाचं जाड जाकीट. ती उठली नाही, पण आवाज शेडभर गेला.

"भावजींनी छदाम खाल्ला न्हाई. खाणारे भांड्याला बाजूला टोचायचे, येवढंसं. सांजच्याला डांबर लावलं की भट्टी पुन्हा चालू. भावजींनी बूड फोडलं. बूड फोडलेलं सांधत न्हाई. बघा की वर, टांगलंय ते."

मोरेश्वरांना वाटलं, झालं. जिला खोटं बोलायचा सर्वांत जास्त हक्क होता, तिनेच साक्ष दिली.

दिलीपने तिचं बोलणं डचमध्ये सांगितलं. शेडमध्ये हशा फुटला.

मोरेश्वरांनी सुनेकडे पाहिलं. प्रांजली ग्लासाकडे बघत होती.

"काय सांगितलं त्याने?"

"म्हणाला, आई म्हणते, इतक्या वेळा दिलं की मोजायचंच सोडलं."

मोरेश्वर बाहेर आले. दारालगत बाक होता, समोर नदीवरून रेतीची बोट चालली होती. थोड्या वेळाने शोभा येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"वहिनी, तुम्ही खरं बोललात. उपकार झाले."

"तुमच्यासाठी न्हाई बोलले, भावजी. लेकाला मी चार येळा सांगितलं, खोटं लिहू नगं. न्हाई ऐकत." तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "पर तुमचं बी काय येवढं कवतिक करायचं? दुसरे आले असते तर हप्ता दिला असता, दिलीपचा बाप घरी राहिला असता. तुम्ही घेत न्हाई म्हणल्यावर द्यायचं काय माणसानं?"

"कायदा होता."

"व्हता की. आता कुठं गेला? माझा ल्योक तेच करतोय, आन हितला मोठा सायेब येऊन फीत कापून गेला."

"इथे लायसन्स आहे त्याला."

"मग तवा सांगायचं व्हतं दिलीपच्या बापाला, लायसन काढ म्हणून."

गावठीचं लायसन्स गावठी माणसाला मिळत नसतं, हे मोरेश्वरांना खात्यात पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण पहार हातात दिली होती ती त्यांच्या, आणि पहार चालवताना असलं काही आठवत नसे.

अंबरीश गाडीची किल्ली नाचवत बाहेर आला. मागून दिलीप, हातात फितीने बांधलेली बाटली. "काका, ही खास तुमच्यासाठी."

मोरेश्वरांचे हात मागे होतेच.

"घ्या की आता," शोभा म्हणाली. "आता कायद्यात बसतंय."

"घेतली तर भिंतीवरचं खरं होईल, वहिनी."

ती पहिल्यांदा हसली, पण त्यात माया नव्हती. "घेतली न्हाई म्हणून तरी कुठं खोटं झालं?"

अंबरीशने अवघडून बाटली घेतली आणि मुकाट काखेत मारली.

मोरेश्वरांचा कोट आत राहिला होता. ते एकटेच आत गेले. पाहुणे आता दुसऱ्या टोकाला खाण्याभोवती जमले होते, मधली जागा रिकामी होती. जमिनीवर फुली तशीच पडली होती, कडा धारदार, कोणी पुसावी म्हटलं तरी पुसता न येणारी. संध्याकाळभर तिच्यावर बुटांची ये-जा चालली होती.

मोरेश्वरांनी कोट घेतला. परतताना ते फुलीपाशी थांबले आणि हात मागे बांधून, तिच्यावर पाय न देता, कडेने गेले.