बावीस तासांचा तक्ता

हॉस्पिटलच्या खुर्च्यांचा एक पाय आखूड का असतो, हे मला कुणीतरी सांगावं. बसलो की खुर्ची डुगडुगायची, आणि ती डुगडुगली की माझी सून सुरुची मोबाईलमधून मान वर काढून बघायची. म्हणून मी उभा राहिलो. उभं राहवेना म्हणून जिन्यापर्यंत जाऊन आलो. मग तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यालो.

"बाबा, अहो बसा की जरा. तपासायला ओवीला आणलंय, तुम्हाला नाही," सुरुची म्हणाली.

सदाशिव पेठेतली पोरगी. मला वर्ध्याहून पुण्याला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण इतक्या शांत आवाजात समोरच्याला गप्प करणं मला अजून जमलेलं नाही. मी बसलो. खुर्ची डुगडुगली.

शेजारी माझी नात ओवी पाय हलवत बसली होती. साडेनऊ वर्षांची. हातात शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कागद, ओठ पुटपुटत होते. आणि माझ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तो तक्ता. तो फोल्डर मला सकाळपासून धरवत नव्हता आणि खालीही ठेववत नव्हता.

ओवी जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला आणि टाळूला फट घेऊन. पाचव्या महिन्यात ओठ शिवला, सव्वा वर्षाची असताना टाळू. दोन्ही ऑपरेशनं चांगली झाली. आता नीट बघणाऱ्यालाच ओठावरची रेघ दिसते. पण डॉक्टर आमोद टिळेकरांनी आम्हाला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की टाळूवर टाके पडले की व्रण राहतो आणि व्रण काही मुलाबरोबर वाढत नाही. मूल वाढतं, खालचा जबडा वाढतो, आणि वरची दातांची कमान मात्र व्रण आत ओढून धरतो. तसंच झालं. आठव्या वर्षी ओवीचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसायला लागले.

मग स्क्रूची प्लेट आली. बारीक किल्लीने रोज एक घर फिरवायचं, चार वेळा फिरवलं की एक मिलिमीटर. सुरुचीचे हात कापायचे, म्हणून ते काम मी घेतलं. स्क्रूचं काम आणि मी नाही? कमान साडेपाच मिलिमीटर उघडली. डॉक्टर म्हणाले, "कोंडीरामजी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

आता पुढचं काम होतं हिरडीतली फट भरायचं. कमरेच्या हाडातलं थोडं हाड काढून तिथे घालायचं, आणि तेही वरचा सुळा खाली उतरायच्या आत, कारण सुळ्याला उतरायला हाड लागतं. एक्स-रेत सुळा खाली यायला निघालेला दिसत होता. ऑपरेशनची तारीख अठरा दिवसांवर आली होती. तोवर उघडलेली कमान धरून ठेवायला साधी प्लेट दिली होती, काढता-घालता येणारी. दिवसाचे बावीस तास तोंडात हवी. जेवताना आणि दात घासताना काढायची, बस्स.

"प्लेट बाहेर राहिली की व्रण कमान परत आत ओढणार," डॉक्टरांनी बजावलं होतं. "तो काही रजा घेत नाही."

तास लिहायला तक्ता मीच आखला. तारीख, प्लेट घातली, काढली, एकूण तास, सही. डॉक्टर इतके खूश झाले की त्याचा फोटो काढून त्यांनी बाहेरच्या बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, 'तक्ता असा ठेवा'. आत्ताही तो समोर लटकत होता. माझी सही लांबूनसुद्धा ओळखू येत होती.

आता माझ्या सहीबद्दल सांगतो. खडकीच्या कारखान्यात मी तेहेतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. बघितल्याशिवाय सही नाही, हा माझा बाणा. लोक मला मागून खडूस म्हणायचे, काही तोंडावर म्हणायचे. आमच्याकडे संपत म्हणून एक जण होता. तो आठवड्याची सगळी मापं सोमवारीच लिहून मोकळा व्हायचा, मोजायची भानगडच नाही. मी पकडलं आणि वरपर्यंत नेलं. आठ दिवस घरी बसला बिचारा. त्याची बायको आमच्या क्वार्टरवर आली होती गयावया करायला. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

आणि गेले पाच आठवडे मी ओवीचा तक्ता सोमवारीच भरत होतो.

झालं ते असं. माझा मुलगा योगेश प्रोजेक्टवर बेंगळुरूला, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. सुरुची वाघोलीच्या कॉलेजात शिकवते. आम्ही राहतो धायरीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती सकाळी सातला स्कूटर काढते ती संध्याकाळी सातला उगवते. मधल्या वेळात ओवी माझ्या ताब्यात.

एके दिवशी ती शाळेतून नाचतच आली. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तिला मिळालं होतं. ज्या पोरीने आठ वर्षं आरशावर श्वास सोडून, मेणबत्त्या फुंकून एकेक अक्षर कमावलं, त्या पोरीला बाईंनी माईक दिला होता! मी त्याच दिवशी संध्याकाळी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

दोन दिवसांनी ती गप्प गप्प आली. दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, प्लेट घातली की माझा स परत जुना होतो. सन्माननीय म्हटलं की मुलं हसतात."

"हसू दे. गाढवं आहेत."

"एक तासच काढते ना. फक्त प्रॅक्टिसला. प्लीज."

नाही म्हणायला हवं होतं. पण टाळूच्या ऑपरेशननंतर या पोरीने तोंडात हात घालू नये म्हणून तिच्या कोपरांना पट्ट्या बांधाव्या लागायच्या, त्या मी बांधायचो. सव्वा वर्षाचं लेकरू माझ्याकडे बघत राहायचं, की हा आपला माणूस असून आपल्याला का बांधतोय. ती नजर माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही. मी म्हटलं, काढ, तासभराने काय होतंय.

तासाचे दोन झाले. मग प्रॅक्टिस शाळेतच व्हायला लागली, म्हणून शाळेतही प्लेट नको. सकाळी सातला आई गेली की प्लेट वाटीत, वाटी चहाच्या डब्यामागे, आणि संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की परत तोंडात. तक्त्यावर मात्र बावीस, बावीस, बावीस. रोज खोटं लिहायला जड जायचं, म्हणून सोमवारी बसून एकदाच लिहायचो.

तिसऱ्या आठवड्यात प्लेट बसताना करकरायला लागली. मला कळलं नाही असं नाही हो. घट्ट बसतंय म्हणजे माप बदललंय, हे मला नाही कळणार तर कुणाला? पण मी तिला म्हणालो, "जरा दाबून बसव." ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

"ओवी ढोके," सिस्टरने हाक मारली.

आत टेबलावर प्लास्टरचे साचे मांडून ठेवले होते, सगळे ओवीच्या वरच्या कमानीचे. पाचव्या वर्षीचा, आठव्या वर्षीचा, स्क्रूनंतरचा, आणि कालच माप घेऊन बनवलेला. डॉक्टरांनी कॅलिपर उचलायच्या आधीच मला दिसलं. माझी नजर अर्धा मिलिमीटर सोडत नाही. शेवटचा साचा त्याच्या आधीच्यापेक्षा अरुंद होता, चांगलाच अरुंद.

डॉक्टरांनी मोजलं. परत मोजलं. "चार मिलिमीटर आत आलीये," ते म्हणाले. "प्लेट पूर्ण वेळ असते ना?"

"बाबांचा तक्ता आहे ना," सुरुची म्हणाली. "आमच्या घरात एक वेळ घड्याळ चुकेल, तक्ता नाही चुकणार."

लग्न होऊन आल्यापासून तिने माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

डॉक्टरांनी फोल्डर माझ्या हातातून घेतला, पानं उलटली. सगळीकडे बावीस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग व्रणच फार हट्टी दिसतोय. बावीस तास प्लेट असून कमान इतकी ओढली जात असेल, तर नुसतं परत उघडून उपयोग नाही, ती पुन्हा मिटणार. आधी टाळूवरचा व्रण मोकळा करायचं वेगळं ऑपरेशन करावं लागेल. हाड त्याच्यानंतर. म्हणजे दोनदा भूल, आणि टाळूला परत कापणं आलं."

ओवीच्या हातातले कागद खाली पडले. सुरुचीने मान हलवली आणि "बरं" म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. डॉक्टर पेन उघडून कागदावर लिहायला लागले.

माझ्या एका खोट्या बावीसवर त्या पोरीची टाळू पुन्हा कापणार होते. डॉक्टरांची काय चूक? त्यांनी सही बघितली होती.

"थांबा," मी म्हणालो. "लिहू नका. तक्ता खोटा आहे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी सगळं सांगितलं, सोमवारसकट, वाटीसकट. मध्येच ओवी रडत ओरडली, "मीच म्हटलं आजोबांना! त्यांना रागावू नका!"

"तू गप्प बस," मी म्हणालो. "तू नऊ वर्षांची आहेस. मी एकोणसत्तर."

सुरुची माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रोज संध्याकाळी मी विचारायचे, बाबा, प्लेट घातली होती ना? आणि तुम्ही म्हणायचात, तक्ता बघ."

"हो."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणून ती थांबली. पुढचं तिने मलाच पुरं करायला ठेवलं.

डॉक्टर चिडले होते, पण त्यांनी लिहिलेला कागद फाडला. रोज दहा-बारा तास प्लेट बाहेर असेल, तर व्रण हट्टी आहे असं म्हणता येत नाही, ते म्हणाले, टाळू कापायची गरज नाही. आजच परत स्क्रूची प्लेट, या वेळी दातांना चिकटवलेली, काढताच येणार नाही अशी. अठरा दिवसांवरची तारीख मात्र गेली. दोन महिने तरी पुढे. तोवर सुळा थांबतो का, हे महिन्याने एक्स-रेत बघायचं.

"आणि नाही थांबला तर?" सुरुचीने विचारलं.

"तर तो फटीत उतरेल, आणि कदाचित वाचवता येणार नाही. आज मी कसलीच खात्री देत नाही."

नवी प्लेट चिकटवून घेऊन बाहेर आलो तेव्हा सिस्टर बोर्डावरून माझा तक्ता काढत होती. टाचण्या हट्टाने निघत नव्हत्या. मी पुढे होऊन त्या काढून दिल्या.

घरी जाताना सिंहगड रोडला गाड्या ठप्प झाल्या होत्या. घरी आल्यावर सुरुचीने हात पुढे केला आणि मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. त्या संध्याकाळपासून स्क्रू ती फिरवते. पहिले दोन दिवस तिचे हात कापले. तिसऱ्या दिवशी नाही कापले. नवीन तक्ता ओवीने स्वतः आखला, त्यात किती वाजता फिरवलं ते ओवी लिहिते आणि आई सही करते. मी खोलीच्या दारात उभा राहून बघतो, मग गॅलरीत जातो, परत येतो. झोप धड लागत नाही. डोळे मिटले की एक्स-रेतला तो सुळा दिसतो.

शनिवारी स्नेहसंमेलन झालं. मी तिसऱ्या रांगेत. ओवी माईकपाशी आली, चिकटवलेली प्लेट तोंडात घेऊन. "सन्माननीय अध्यक्ष, सर्व शिक्षक" म्हणताना एकेक स फुसकन सुटत होता. मागून कुणीतरी हसलं. पोरगी थांबली. मला वाटलं आता रडते. तिने एक श्वास घेतला आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं, सावकाश, प्रत्येक स तसाच फुसका. मग पुढे गेली आणि अडीच तास बोलली. मी पाच आठवडे जिच्यासाठी खोट्या सह्या ठोकल्या, तिला माझी गरजच नव्हती. तिला फक्त कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं.

घरी आल्यावर ओवीने कपडेही न बदलता तक्ता घेतला, आईने फिरवल्याची वेळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"आजोबा, आज तुम्ही सही करा."

मी सुरुचीकडे बघितलं. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"करा की," ती वळून न बघता म्हणाली. "पण आधी बघा."

मी ड्रॉवरमधून टॉर्च काढला. "आ कर," मी म्हणालो. ओवीने तोंड उघडलं. स्क्रू आजच्या घरावर होता. मी मोजलं, परत मोजलं, आणि मग सही केली.