उन्हात राहिलेलं व्हायोलिन

जुलैत दुबईत साखरपुडा कोण ठेवतं? माझा चुलतभाऊ लॅन्सी ठेवतो, कारण तेव्हा हॉल स्वस्त मिळतो. त्याच्या मुलीच्या, ॲमंडाच्या साखरपुड्यात वाजवायला मी वसईहून पप्पांचं व्हायोलिन घेऊन आलो. पप्पा गेल्यापासून ते मीच वाजवतो.

विमानतळावरून लॅन्सी आणि ॲमंडा मला थेट मॉलमध्ये जेवायला घेऊन गेले. मी व्हायोलिनची पेटी उचलली, तर लॅन्सी म्हणाला, "अरे, राहू दे गाडीत. इथे कोण चोरतंय? यल्ला, चल चल, भूक लागलीय!" चोराची भीती मला नव्हतीच. पण पाहुण्याने वाद तरी किती घालायचा?

जेवून उन्हातल्या गाडीशी परतलो तेव्हा तापलेल्या पेटीला हात लाववत नव्हता. आत जोडाचा सरस वितळून व्हायोलिनची मान सुटली होती.

"काहीतरी लावून चिकटवू," लॅन्सी म्हणाला.

"इट्स ओके, अंकल," ॲमंडा म्हणाली. "द डीजे हॅज व्हायोलिन ट्रॅक्स."

संध्याकाळी हॉलमध्ये एसीने हुडहुडी भरत होती. लॅन्सीने मला स्टेजवर चढवलं. "नुसतं हनुवटीखाली धर रे, व्हिडिओपुरतं." डीजेने ट्रॅक लावला. सुटलेली मान अंगठ्याने दाबून धरत मी गज तारांना न टेकवता फिरवत राहिलो. टाळ्या पडल्या, आणि मी वाकून त्या घेतल्यासुद्धा.

खाली उतरेपर्यंत व्हिडिओ वसईला पोचला होता. आईचा व्हॉइस मेसेज आला. ती रडत होती.

"अगदी पप्पांसारखं वाजवलंस रे."