मीराबाईचा आकडा

पहिल्या पाळीची माणसं निघून गेली की वरळीच्या बीडीडी चाळीत मजल्यावरचा नळ बायकांचा होतो. त्या दिवशीही तसाच झाला. गंगुबाई धुणं आपटत होती, दोघीतिघी हंडे लावून गप्पा मारत होत्या. मीराबाई कळशी घेऊन आली तशी सगळ्यांनी तिला जागा करून दिली. जागा दिली, पण कुणी बोललं नाही. कळशी भरेपर्यंत नुसता पाण्याचा आवाज. ती पाठमोरी झाल्यावर बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

दीड वर्ष हे असंच चाललं होतं.

त्याआधी दर शुक्रवारी तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मीराबाईच्या अंगात मरीआई यायची. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं, कुणाचा नवरा परागंदा, कुणाची गिरणीतली नोकरी राहते की जाते ही काळजी. सगळे तिलाच विचारायला येत. बुधाजी संबळ वाजवायचा. संबळ घुमला की तिचे केस सुटायचे, मान फिरायची, आणि वयाने मोठी माणसंसुद्धा तिच्या पायांवर डोकं ठेवून तिला ‘आई’ म्हणायची.

छप्पन्नच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेसमोर हजारो माणसांनी धम्माची दीक्षा घेतली, त्यांत मीराबाई होती. दुसऱ्या दिवशी तिने देव्हारा, मुखवटा, कवड्यांची माळ एका फडक्यात बांधली आणि वरळीच्या समुद्रात सोडून दिली. चाळीतल्या घराघरांतून देव गेले. पण माणसांच्या पोटातली भीती गेली नाही, आणि ती घेऊन जायचं ठिकाण मात्र बंद झालं. देवी सोडलेल्या बाईशी बोलायलाही माणसं बिचकू लागली. शुक्रवार आला की मीराबाई सवयीने खोली झाडायची, घोंगडी अंथरायची. मग कुणी येणार नाही हे आठवून घोंगडीची घडी घालून ठेवायची. दीक्षेबद्दल तिला कधी पस्तावा झाला नाही. माणसांची आठवण मात्र यायची.

अठ्ठावन्न साल वाईट आलं. गोदामांत कापड पडून होतं, गिऱ्हाईक नव्हतं. चौकात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेची पाटी लावलेली असे, तिच्याखाली बसून शामराव पेपर वाचून दाखवायचा. तो गिरणीच्या टाइम ऑफिसात शिपाई होता.

“शेअरबाजार पुन्हा पडला,” तो म्हणाला.

“लागलं का रं त्याला कुठं?” बुधाजीने विचारलं. सगळे हसले.

शेअर कसा असतो हे चाळीत कुणी पाहिलं नव्हतं. पुढे दोन महिन्यांत तिसरी पाळी बंद झाली, शेकडो माणसं घरी बसली, त्यांत बुधाजीही बसला. मग बाजार पडल्याची बातमी आली की कुणी हसेनासं झालं.

“मुंबई एकदा महाराष्ट्राला मिळू दे,” शामराव म्हणायचा, “गिरण्या आपल्याच होतील.”

“आधी गिरणीचा भोंगा तर वाजू दे, शामराव,” बुधाजी म्हणायचा.

अशाच एका बाजारातून गरिबाच्या गळ्यापर्यंत एक वाट येत होती. सातासमुद्रापलीकडच्या न्यूयॉर्कला कापसाचा जो भाव फुटे, तो तारेने दिवेलागणीनंतर मुंबईत येई. त्या भावाचा शेवटचा आकडा कोणता, यावर चाळीचाळींत पैसे लागत. कोपऱ्यावरच्या पानाच्या गाडीवर बाबुराव दिवेलागणीपर्यंत पैसे घ्यायचा. आकडा लागला तर एका रुपयाचे आठ, नाही लागला तर गेले. आयुष्यभर ज्या कापसाची पिंज माणसांच्या नाकातोंडात गेली, त्याच कापसाच्या भावावर ती आता उरलंसुरलं लावू लागली.

मीराबाईचा मुलगा जगदीश गिरणीच्या रिंगखात्यात सूत कातायला होता. तोही तिसऱ्या पाळीबरोबर घरी बसला. एका दुपारी तो आईजवळ येऊन टेकला.

“आये, एक मागू?”

“माग की. माझ्याजवळ हाय काय, पर माग.”

“एक आकडा सांग. एकच.”

“मला काय ठावं आकडा?”

“तुला नाय. तिला ठावं हाय.”

“तिला मी समुद्रात सोडली.”

“मग काय झालं? समुद्राचं पाणी रोज परत येतंच की वरळीला.”

“जगू, चितेपुढं शब्द दिलाय मी.”

“शब्दावर भाकर भाजती का?”

“आत्यांना असं बोलू नका,” चुलीपाशी बसलेली कौसल्या, जगदीशची बायको, म्हणाली.

“तू गप. तुझ्या बापाची गिरणी चालू हाय वाटतं?”

त्या शुक्रवारी मीराबाईने खोली झाडली नाही. तरी माणसं आली. आधी गंगुबाई, मग तिच्यामागून दहाबारा जणी, मग पुरुष. बुधाजीने कांबळ्याखाली लपवून संबळ आणला होता. जगदीशने दार लोटून घेतलं. गंगुबाई मीराबाईच्या गुडघ्याला खेटून बसली आणि हात जोडून म्हणाली, “आई, लेकरं उपाशी हायेत. एकडाव बोल.”

दीड वर्षात पहिल्यांदा कुणी तिच्या इतकं जवळ बसलं होतं. मीराबाईला गंगुबाईच्या लुगड्याचा साबणाचा वास आला, अंगाची ऊब लागली. संबळ घुमू लागला. मन नको म्हणत होतं, पण इतक्या वर्षांची सवय झालेला पाय ठेका धरू लागला, मान एका बाजूला कलली. बायका पुढे सरकल्या. आता डोळे मिटले की पुरे. पुन्हा शुक्रवार, पुन्हा भरलेली खोली, पुन्हा आपण कुणीतरी.

तिने खिडकीचा गज डाव्या हाताने घट्ट पकडला आणि उजवा हात वर केला.

“बंद कर, बुधाजी! मी काय बी सांगनार न्हाई!”

संबळ थांबला. सगळे तिच्या वर झालेल्या हाताकडे पाहत राहिले. पाच बोटं पसरलेली होती.

“पाच,” जगदीश हळूच म्हणाला.

“पाच! पाच दिला आईनं!” बुधाजी ओरडला, आणि दार उघडून माणसं कोपऱ्याकडे धावली. मीराबाई मागून सांगत राहिली, “अरे न्हाई, न्हाई म्हनत हुते मी.” खोलीत ऐकायला कौसल्या तेवढी होती.

त्या संध्याकाळी भावाचा शेवटचा आकडा पाच आला.

त्यानंतर मीराबाईला जगणं कठीण झालं. ती दोनदा खोकली की दोन. चार भाकऱ्या थापल्या की चार. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दम खायला टेकली, तर मागून कुणी तरी पळत बाबुरावाच्या गाडीकडे जायचं. आता माणसं तिच्या आसपास असत, वाकून पायाला हात लावत, पण तिच्याशी बोलत नसत. तिला बघत असत. कधी आकडा लागायचा, बहुतेक वेळा बुडायचा. बुडाला की म्हणायचे, आईची खूण बरोबर होती, आपल्यालाच कळली नाही. त्यामुळे विश्वास काही केल्या मोडेना. मीराबाई हात पदराखाली ठेवू लागली. खोकला आला तर तोंडात बोळा धरू लागली. भरल्या चाळीत ती अशी बसून राहायची, जणू तिला कुणी बांधून ठेवलंय.

अशात एका सकाळी कौसल्या भांडी घासता घासता रडू लागली.

“काय झालं ग पोरी?”

“आत्या, ते आज खोली लावणारेत. बाबुराव म्हणतो, खोलीवर उचल देतो, आकडा लागला तर खोली तुझीच, वर पैसे. संध्याकाळी किल्ली नेऊन देणार.”

“आनि आकडा?”

“दिवसभर तुमच्याकडं बघणार. दिसंल तो.”

या खोलीत मीराबाईचा नवरा गेला होता, जगदीश जन्मला होता. कौसल्येला सहावा महिना होता. खोली गेली तर पुढे फुटपाथ.

“तुम्ही सांगा की त्यांना.”

“काय सांगू, माय? बोलले तरी आकडा. गप बसले तरी शून्य लावत्यात.”

दिवसभर मीराबाई भिंतीला टेकून बसली. जगदीश उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत होता. पोटचा मुलगा समोर बसलेला, पण त्याच्या नजरेत आई नव्हती. एकदा तिला वाटलं, त्याला जवळ घ्यावं, केसांतून हात फिरवावा. पण किती वेळा हात फिरवला हे तो मोजेल, या विचाराने तिने हात हलवला नाही. नाही म्हणायला माणसाजवळ तोंड असतं, हात असतो, मान असते. तिचं यातलं काहीच तिचं राहिलं नव्हतं.

ऊन उतरलं तसा जगदीश किल्ली खिशात टाकून उठला. थोड्या वेळाने मीराबाईही उठली. पायात वहाणा घातल्या आणि जिना उतरली.

बाबुरावाच्या गाडीभोवती गर्दी होती. तिला पाहताच वाट झाली. दोघेतिघे पाया पडले. जगदीश पुढेच उभा होता. मीराबाई गाडीसमोर थांबली आणि मोठ्याने म्हणाली, “एक.”

“एक! आज उघड दिला!” माणसं पुढे घुसली.

“दोन,” मीराबाई म्हणाली. “तीन. चार.”

माणसं थबकली. ती थांबली नाही. नऊपर्यंत गेली, मग शून्य म्हणाली, आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

“कुठला धरायचा रं?”

“चारला दम घेतला बघ. चार.”

“न्हाई, नऊला डोळं मिटलं.”

तिसऱ्या खेपेला ती चारला थांबली नाही, सातला थांबली. चौथ्या खेपेला कुठेच नाही. पाचव्या खेपेला गर्दीतून कुणी तरी हसलं.

“बाराखडी बी म्हन म्हातारे!”

“मास्तरीन झाली मीराबाय!”

“येडी झाली, दुसरं काय? देवी सोडली की असंच होतंय.”

हसू पसरलं. मघाशी पाया पडलेले दोघे तिच्या आवाजाची नक्कल करू लागले. गंगुबाईने तोंडाला पदर लावला. ती हसतेय की रडतेय हे कळत नव्हतं. मीराबाईला हे सगळं दिसत होतं. आजवर या चाळीने तिला मान दिला होता किंवा टाळलं होतं, पण चाळ तिला कधी हसली नव्हती. तिचा आवाज फाटला, घसा कोरडा पडला, पण आकडे चालू राहिले.

जगदीशचं तोंड लाल झालं. त्याने तिचा दंड धरला.

“आये, बस कर. लोकं हसतायत.”

“हसू दे. एक.”

“घरी चल.”

“तू चल आधी. दोन.”

“आये, हात जोडतो.”

“किल्ली घिऊन चल. तीन.”

जगदीशने एकदा बाबुरावाकडे पाहिलं, एकदा हसणाऱ्या माणसांकडे. मग मान खाली घालून तो चाळीकडे चालू लागला. मीराबाई त्याच्यामागून, आकडे म्हणतच.

जिन्यावर बुधाजी आडवा आला. तो हसत नव्हता, चिडला होता.

“मग इतकी वर्सं तुझ्या अंगात काय येत हुतं, मीराबाय? मी संबळ कुनापुढं वाजवला?”

“भ्या, बुधाजी,” ती म्हणाली. “तू भ्यालेला यायचास, गंगी भ्यालेली यायची. सगळ्यांचं भ्या माझ्या अंगात यायचं आनि मी हलायचे. उद्याचं मला तवा बी ठावं नव्हतं, आज बी न्हाई.”

“हे आधी सांगायचं.”

“सांगितलं. हात वर करून सांगितलं. तुमी बोटं मोजलीत.”

बुधाजी जिना उतरून निघून गेला.

खोली राहिली. जगदीश भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या वाहू लागला. आईशी तो बोलत नसे. जेवून हात धुवायचा आणि व्हरांड्यात जाऊन पडायचा. तिच्याकडे आता कुणी बघत नव्हतं, कुणी पाया पडत नव्हतं. पोरं तिला पाहून ‘एक, दोन’ म्हणून पळायची. तिचा एकटेपणा कमी झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. पूर्वी माणसं तिला घाबरून दूर होती, आता तिच्यासोबत दिसायची लाज वाटून दूर होती.

आठवडा गेला असेल. संध्याकाळी कौसल्या बाजारातून आली आणि म्हणाली, “बुधाजीमामा बाबुरावाच्या गाडीवर बसलेत. त्यांनी बी खोली लावायची ठरवलीय म्हणे. दुसऱ्या कुठल्या तरी बाबानं आकडा दिलाय.”

मीराबाई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली.

“आत्या, तुम्ही जाऊ नका. पुन्हा हसतील.”

“हसतील की. पाया पडत्यात त्यापरीस बरं.”

ती एकटीच जिना उतरली. व्हरांड्यात जगदीश पडला होता. त्याने कूस बदलली, उठला नाही. थोड्याच वेळात कोपऱ्यावरून आकडे म्हणणारा तिचा चिरका आवाज येऊ लागला, आणि त्याच्यामागे हसू.

बाजार पुढेही पडतील. पाळ्या बंद होतील, आणि उद्या काय होणार हे सांगणारं माणूस आपण शोधत फिरू. सापडलं नाही तर आपणच एखाद्याला तसं बनवू. ज्याला ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं आहे, त्याच्या शेजारी त्या वेळी कोण उभं राहतं? त्या संध्याकाळी वरळीच्या त्या कोपऱ्यावर तिच्या शेजारी कुणीही उभं नव्हतं.