तोवाबाईंची सुरी

शेजारच्या तोवाबाई गेल्या आणि त्यांची भाजीची सुरी सुनेकडे, फुसाएकडे आली. आमचं एचिझेन म्हणजे जपानातलं लोहारांचं गाव. इथे चांगली सुरी माणसापेक्षा जास्त जगते. ही मात्र डावखुऱ्यासाठी घडवलेली, एकाच बाजूने धार दिलेली. फुसाए उजव्या हाताची. मुळ्याच्या चकत्या तिरक्या उतरायच्या.

"नवी घे की," मी म्हणाले.

"सासूबाईंची आहे, काकू. होईल सवय."

एका सकाळी मी लोणचं द्यायला गेले, तर ही खिडकीबाहेर बघत भराभर मुळा चिरत होती. चकत्या कागदासारख्या. सुरीचा तो आवाज ऐकून आतून तिचा नवरा एइकिची ओरडला, "आई, सार झालं का?" आणि एकदम गप्प झाला.

माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. "अगं, सुरी डाव्या हातात आहे तुझ्या!"

तिने खाली पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. "उजव्यानेच सुरुवात केली होती मी."

आम्ही तडक कुराता लोहाराकडे गेलो. फुसाए म्हणाली, "धार फिरवून द्या, उजव्या हातासाठी."

म्हाताऱ्याने पातं उलटसुलट केलं. "माझ्या बापाने घडवलेली. तोवाही नवी नवरी असताना हेच मागायला आली होती."

"त्या तर डावखुऱ्या होत्या ना?" मी विचारलं.

"तोवा? छे! शाळेत माझ्या शेजारी बसायची, उजव्या हाताने लिहायची. डावखुरी तिची सासू. सुरी तिच्यासाठीच केलेली. ती मेल्यावर तोवाकडे आली. बापाने धार फिरवून दिली होती. पण थोड्याच दिवसांत तोवा परत आली. म्हणाली, 'होती तशी करून द्या, उजव्याने जमत नाही.'"

फुसाएने सुरी त्याच्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "माझी लेक चिए स्वयंपाक शिकायला लागलीय. तिच्या हातात ही पडू देणार नाही मी."

देवळात जुन्या सुऱ्यांना प्रार्थना करून निरोप देतात. एइकिचीला घेऊन आम्ही तिथे गेलो. भटजींनी तबक पुढे केलं. फुसाएने सुरी धरलेला डावा हात त्यावर नेला, पण मूठ उघडेना.

"सोड ना गं," मी म्हणाले.

"सोडतेय, काकू! सोडतेच आहे!"

पण बोटं दगडासारखी. शेवटी एइकिची पुढे झाला. त्याने ती बोटं दोन्ही हातांत घेतली, आणि बायकोकडे न बघता हळूच म्हणाला, "आई, पुरे आता. दमलीस."

मूठ उघडली. फुसाए तिथेच बसली आणि हमसून रडली.

आता ती बाजारातल्या सुरीने चिरते, उजव्या हाताने, जाडजूड. एइकिची मुकाट्याने जेवतो. तिचा डावा हात हिवाळ्यात बर्फासारखा गार पडतो, मग ती तो शेगडीजवळ धरून बसते. दुखत नाही म्हणते; नुसता रिकामा वाटतो.