ज्याचा हात आत

"किती गेला हात?" निजामुद्दीनने हौदाच्या काठावरून वाकून विचारले.

"कोपराच्या वर गेला," मोतीबाई म्हणाली. "बोटाले लागते, पण मुठीत नाही येत. गाठोडं होऊन बसलं थे."

गाठोडे होते कालच्या हळदीतल्या झेंडूच्या फुलांचे. पुसदजवळच्या या लॉनवर लोक हळदीला पाट मांडून बसत नाहीत. पोहण्याच्या निळ्या तलावाकाठी उभे राहून एकमेकांवर टोपल्या टोपल्या फुले उधळतात आणि मग नवरदेवाला शेजारच्या गोल, गरम पाण्याच्या हौदात ढकलतात. फोटो फार छान येतात म्हणे. पाटीवर त्या हौदाचे नाव स्पा होते, मोतीबाई गरम हौदच म्हणायची. काल धिंगाण्यात तळाजवळच्या पाइपाची जाळी निघाली, फुले आत ओढली गेली आणि पाइप गच्च झाला. आज चार वाजता दुसरी हळद होती. हौद उपसावा तर पाणी त्याच पाइपातून जायचे. म्हणून साफसफाईवाली मोतीबाई साडी खोचून गळाभर पाण्यात बसली होती आणि भिंतीतल्या भोकात उजवा हात घालून फुलांशी झोंबत होती.

निजामुद्दीन पंपमिस्त्री. वय छप्पन्न, गुडघे त्याहून दहा वर्षांनी म्हातारे. माणूस मुळातच काळजीखोर, आणि आज तर त्याचा हात सारखा शर्टाच्या डाव्या खिशाकडे जात होता. खिसा रिकामा होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच पंपाचे काम चालू होते आणि फ्यूज त्याच्या खिशात नव्हता.

या खिशाचा काय प्रकार, ते आधी सांगितले पाहिजे. सत्तावीस वर्षांपूर्वी घाटंजीकडच्या एका विहिरीवर तो आणि त्याचा धाकटा भाऊ इमरान मोटर दुरुस्त करायला गेले होते. निजामुद्दीनने फ्यूज काढला, स्टार्टरच्या पेटीवर ठेवला आणि दोर आणायला गेला. इमरान विहिरीत उतरला. तेवढ्यात शेतीची लाइन आली. ती आली की ज्याचे त्याचे पाय मोटरीकडे धावतात, कारण पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. शेतमालकाचा मेहुणा धावत आला, पेटीवरचा फ्यूज त्याने जागेवर बसवला आणि बटण दाबले. त्याच्या मनात पाप नव्हते. इमरान बावीस वर्षांचा होता.

तेव्हापासून निजामुद्दीन फ्यूज काढला की खिशात टाकायचा आणि काम संपेपर्यंत बापालाही द्यायचा नाही. त्याच्या प्रत्येक शर्टाचा डावा खिसा आधी काळा पडे, मग फाटे. त्याची बायको जोहराबी शर्ट शिवायला टाकतानाच शिंप्याला सांगे की तो खिसा दुहेरी कापडाचा कर. या लॉनवरच्या मशीनरूममध्ये कंपनीचे नवेकोरे ब्रेकर होते, तरी त्याच्या आधी चिनी मातीचा एक पांढरा फ्यूज त्याने हट्टाने बसवून घेतला होता. ब्रेकर कोणीही येऊन वर करतो, फ्यूज घरी नेता येतो, असे त्याचे म्हणणे.

तसे पंप आणि हीटर चालवणारे मशीनरूममधले पॅनल हुशार होते, हे तोही मान्य करायचा. तलाव आणि हौद दोन, पण पंप एकच. मोबाइलवर स्पा दाबले की पॅनल आधी पंप थांबवायचे. मग दोन व्हॉल्व्हांवर बसवलेल्या छोट्या मोटरी अर्धे मिनिट घरघर करत फिरायच्या आणि पाण्याची वाट तलावाकडून हौदाकडे वळवायच्या. मग पंप चालू, मग हीटर. बंद करताना आधी हीटर विझायचा आणि तो थंड होईपर्यंत पंप पाच मिनिटे तसाच चालायचा. तापलेल्या मशीनला तहानलेले ठेवायचे नाही, ही अक्कल कुणीतरी त्या पेटीत भरली होती, याचे निजामुद्दीनला भारी कौतुक. वेळही लावून ठेवता यायची. आज दोननंतर हौद आपोआप तापायला लागेल आणि चारला पाणी अडतीस अंशांवर असेल, असे कपिलने कालच लावून ठेवले होते.

कपिल म्हणजे मालक फुलचंदशेठचा पुतण्या. सगळे पॅनल त्याच्या मोबाइलमध्ये होते. सकाळी निजामुद्दीनने फ्यूजला हात घातला तसा तो मध्ये पडला होता.

"चाचा, फ्यूज नका काढू. याच्या आतली बॅटरी गेली. लाइट गेली त इन्व्हर्टर सांभाळते, पण फ्यूज काढला का सगळं सेटिंग पुसून जाते. मागच्या खेपेले नागपूरचा माणूस यायले चार दिवस लागले. काका मले कच्चा खाईन."

"मंग पाइपात हात कसा घालावं?"

"टाइमआउट दाबतो ना! तीन तास काहीच चालू नाही होत, मोबाइलवरूनही नाही. तीन तासानं आपोआप ऑटोवर येते."

लाल दिवा लुकलुकू लागला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. काम तासाभराचे, म्हणून निजामुद्दीन हो म्हणाला. पण एका व्हॉल्व्हची मोटर अडकलेली निघाली, तिच्यातच एक वाजला, आणि आज शुक्रवार. नमाज पढून तो परत आला तेव्हा दोनला पाच कमी होते. मोतीबाईला त्याने पाण्यात उतरू नको म्हणून बजावले होते, ती काठावर बसून होती. कपिल हसतच समोर आला.

"टेन्शन नका घेऊ चाचा. तुम्ही नमाजले गेलते तवा मी टाइमआउट पुन्हा दाबलं. आता नवे तीन तास."

"नवे मोजते काय थे?"

"मोजीनच ना."

निजामुद्दीनने पॅनलकडे पाहिले. दिवा लुकलुकत होता, सकाळी लुकलुकत होता तसाच. किती वेळ उरला ते काही तो सांगत नव्हता. मनात नव्हते, तरी निजामुद्दीन गप्प बसला. पोरगा शिकलेला, पॅनल त्याचे, आणि म्हाताऱ्या मिस्त्रीने किती वेळा तेच तेच विचारावे? मोतीबाई हौदात उतरली.

"लागलं, निजामभाऊ!" आता ती ओरडली. "धरलं म्या!"

"हळू. एकदम नको ओढू, तुटून जाईन."

मांडवातल्या डीजेवाल्याने तेवढ्यात गाणे बदलायला आवाज बंद केला. आणि त्या शांततेत निजामुद्दीनला मशीनरूमच्या भिंतीआडून घरघर ऐकू आली. बारीक, पीठ दळल्यासारखी.

व्हॉल्व्ह फिरत होते.

त्याने घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे. पॅनलने नवे तीन तास मोजलेच नव्हते.

"बाई, हात काढ! काढ हात!"

मोतीबाईने हात ओढला. जाताना वर सरकलेल्या बांगड्या येताना घसरून मनगटावर गोळा झाल्या आणि पाइपाच्या काठाला अडकल्या. वरून मूठ आवळलेली. "निघून नाही राह्यला!" ती म्हणाली, अजून अर्धवट हसत.

"मूठ सोड! फुलं सोड!" पण गाणे पुन्हा सुरू झाले आणि त्याचे शब्द त्याच्याच तोंडात राहिले.

अर्धे मिनिट. तो धावला. ओल्या फरशीवर, त्या गुडघ्यांनी, पडत-सावरत धावला. "कपिल, बंद कर! बंद कर थे!" कपिलने मोबाइल काढला, बोट दाबले, पुन्हा दाबले. "चाचा, नुसतं गोल गोल फिरून राह्यलं! नेटवर्क नाही!" मशीनरूम वीस पावलांवर होती, आणि तिच्या दाराला डीजेवाल्यांनी दोन मोठे स्पीकर टेकवून ठेवले होते. निजामुद्दीनने एक खांद्याने लोटला. दुसरा हलेना. तो त्याच्यावरून चढला, पलीकडे गुडघ्यावर पडला, उठला. घरघर थांबली होती. व्हॉल्व्ह वळून झाले होते.

पंपाने घशातल्या घशात आवाज केला आणि वेग घेतला. बाहेर, गाण्याच्याही वर, एक किंकाळी आली. "याडी!" मोतीबाईने आईला हाक मारली होती.

त्याने फ्यूज धरला आणि उपटला.

पंप कण्हत कण्हत थांबला. पॅनलवरचा दिवा विझला. निजामुद्दीन परत कसा आला ते त्याला नंतर आठवले नाही. मोतीबाईचा हात खांद्यापर्यंत आत गेला होता, गाल हौदाच्या भिंतीला चिकटला होता आणि पाणी ओठांना लागले होते. तिचे डोळे उघडे होते. त्याने तिची हनुवटी वर उचलून धरली. कपिलने कपड्यांसकट हौदात उडी मारली आणि दोघांनी तिचा खांदा हळूहळू मागे घेतला. आधी काही होईना. मग पाइपाने बुडबुडा सोडला आणि हात सुटला. दंडावर जांभळे वळ होते, बांगड्या फुटून दोन ठिकाणी रक्त आले होते. मूठ तशीच मिटलेली होती.

"सोड आता," निजामुद्दीन म्हणाला.

तिने मुठीकडे जरा नवलाने पाहिले आणि उघडली. झेंडूचा काळपट लगदा पाण्यावर पसरला. बोटे हलत होती, पाचही. निजामुद्दीन फरशीवर बसला आणि रडला. कपिलसमोर, डीजेवाल्यांसमोर, लाज न धरता रडला. त्याला समोर मोतीबाई दिसत होती आणि इमरानही.

मग फुलचंदशेठ आले. आधी त्यांनी मोतीबाईला "लागलं तर नाही ना जास्त?" म्हणून विचारले आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता मशीनरूमकडे वळले. परत आले ते तापूनच.

"सगळं पॅनल मेलं! चारले लोक येऊन राह्यले, पाणी थंडगार, तलावातले लाइट बंद. मिस्त्री, फ्यूज कुठी हाय?"

"मायापाशी."

"आणा इकडं. नागपूरवाला फोनवर हाय, कपिल त्याले विचारून सेटिंग टाकीन."

"जाळी बसवाची हाय अजून, शेठ. थे भोक उघडं राह्यलं त संध्याकाळी कोणाचं लेकरू धरून ठेवीन."

"मंग बसवा ना! तुम्ही जाळी बसवा, हा पॅनल पाहीन. दोन्ही कामं संगच होतीन."

"संग नाही होत," निजामुद्दीन म्हणाला.

"मिस्त्री, तुम्हाले उद्यापासून यायची गरज नाही मंग."

गावात आता शेताशेतांवर सोलरचे पंप आले होते, कंपनीचाच माणूस येऊन दुरुस्त करी. या लॉनशिवाय निजामुद्दीनकडे बांधलेले असे काम नव्हते. हे फुलचंदशेठना माहीत होते आणि निजामुद्दीनलाही. "ठीक हाय," तो म्हणाला, आणि पँट वर दुमडून हौदात उतरायला निघाला.

"बसा तिथंच," मोतीबाई म्हणाली. ती काठावर बसून दंडाला ओला फडका दाबत होती. "तुम्ही आत बसले त उठवाले चार माणसं लागतीन. मी लावतो. डावा हात हाय ना माहा."

"नको बाई. तुले आधी दवाखान्यात नेतो मी, गाडीवर."

"नेजा. पण आधी जाळी. आज नाही उतरली त मंग माहा पाय पुन्हा पाण्यात नाही पडणार. मले वळखतो मी."

निजामुद्दीनने डाव्या खिशातून फ्यूज काढला. फुलचंदशेठनी हात पुढे केला. पण निजामुद्दीनने फ्यूज मोतीबाईच्या तळहातावर ठेवला.

"हा तुह्यापाशी ठेव."

"मायापाशी कायले?"

"ज्याचा हात आत, त्याच्यापाशी फ्यूज. वर येशीन तवाच देजो. मी मांगला तरी नको देऊ." त्याने तिची बोटे फ्यूजवर मिटवली. "सत्तावीस वर्षं मी माह्या खिशात ठेवून राह्यलो, बाई. थो इमरानच्या खिशात पाह्यजे होता. मले हे आज समजलं."

मोतीबाईने पदराच्या टोकात फ्यूज बांधला, दातांनी गाठ आवळली, पदर खांद्यावरून पाठीवर टाकला आणि पाण्यात उतरली. कपिल जाळी आणि स्क्रू घेऊन तिच्या बाजूला पाण्यातच बसला.

"अगं, दे थो फ्यूज इकडं," फुलचंदशेठ वरून म्हणाले. "दोन मिनिटाचं काम राह्यलं तुह्यं. वेळ चालला."

"हात आत हाय, शेठ," मोतीबाई म्हणाली. तिने वळूनही पाहिले नाही.

शेठनी पुढे केलेला हात खाली घेतला. डीजेवाल्यानेही कुणी न सांगता गाणे बंद केले होते. डाव्या हाताने स्क्रू धड बसत नव्हता. एक निसटून तळाला गेला, तो कपिलने शोधून दिला. तिच्या पाठीवर पदराची ती जड गाठ हलत होती. निजामुद्दीनचा हात सवयीने डाव्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्याने हात तिथेच ठेवला आणि ती वर येईपर्यंत तो काठावर उभा राहिला.