सोयरिकीच्या दिवशी नाचलेला बोकड

पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर आवरतो. गालिचे झटकतो, टवका उडालेल्या वाट्या मागे सारतो. काही घरांत तर एखादं माणूसही मागे सारलं जातं. नारीन गावच्या बुरुलकाननं तेच केलं. तिला एकदम दुष्ट ठरवू नका. शोधलं तर असं माणूस आपल्याही घरात सापडेल.

बुरुलकानला दोन मुली. थोरली आयझात दवाखान्यात परिचारिका होती. धाकट्या कुन्दुझला शिकणं जड जायचं. अक्षरं डोक्यात टिकत नसत, सुट्टे पैसे कळत नसत, एका वेळी दोन कामं सांगितली की दोन्ही राहून जायची. हे औषधानं जाणारं नाही, असं डॉक्टरांनी तिच्या लहानपणीच सांगितलं होतं. त्या दिवशी बुरुलकान रडली नाही. नवरा वारला तेव्हाही नाही. कणीक मळत होती, ती मळतच राहिली. तिच्या आत सगळं बधिर होऊन गेलं होतं. बधिर माणसाचं एक बरं असतं, रोजची कामं बिनबोभाट उरकतात.

मग काल्बूबू एजे कुन्दुझला आपल्या नाटकमंडळीत घेऊन गेल्या. एजे म्हणजे ताई. म्हातारेकोतारेही त्यांना एजेच म्हणतात. जन्मभर बाहुल्यांचे खेळ करून निवृत्त झालेली ही बाई गावच्या नाट्यगृहात कुन्दुझसारख्या मुलामुलींना घेऊन खेळ बसवायची. त्यांनी कुन्दुझच्या हातात तीन तारांचं कोमूझ दिलं आणि बोटाला दोरा बांधला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी पेटीवर, एक लाकडी बोकड. तारा छेडल्या की बोकड नाचतो. आमच्याकडचा हा जुनाच खेळ. शाळेत ज्या पोरीची मान कधी वर झाली नाही, तिला तो साधला. चुकलं की बोकड धडपडायचा, मंडळी हसायची, तीही हसायची आणि पुन्हा वाजवायची. तिथे वहीवर लाल रेघ मारणारं कुणी नव्हतं.

वर्षभरात कुन्दुझ एकटी जाऊन पाव आणायला लागली. आपली वेळ येईपर्यंत थांबायचं, वेळ आली की समोरच्याकडे बघून मोठ्यानं बोलायचं, हे तिला रंगमंचानं शिकवलं होतं.

"अगं, तुझी पोरगी चक्क बोलते की!" पाववाली म्हणाली.

"हो," म्हणून बुरुलकान चालू लागली.

अशात आयझातला कोचकोर गावचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा आयझातच्याच पसंतीचा. पहिल्याच भेटीत मुलाच्या आईनं, तुर्सुनायनं, सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" आणि बुरुलकान म्हणाली, "एकच. ही आयझात." झाकली मूठ सव्वा लाखाची! आयझातनं मान खाली घातली, पण तीही काही बोलली नाही.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. बुरुलकाननं कुन्दुझचं नाट्यगृहात जाणं बंद केलं. नौरूझचा, नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता, चौकात तिच्या मंडळींचा खेळ होता. काल्बूबू एजे तडक घरी आल्या.

"पोरगी का येत नाही गं?"

"लग्न होऊ दे एजे. मग पाठवते."

"लग्नाचा आणि बोकडाचा काय संबंध?"

"गावभर मिरवते ती. कोचकोरकरांना कळलं तर म्हणतील, यांच्या रक्तातच खोट आहे. मग आयझातचं काय?"

"म्हणेनात का!"

"तुमचं काय जातंय म्हणायला? तुमच्या घरात नाही ना असं."

एजेंनी चहाची वाटी खाली ठेवली. "माझ्याकडे आली तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून बसायची. मी काही जादू केली नाही. आमच्या खेळात प्रत्येकाची एक वेळ असते. ती आली की बाकीचे थांबतात, त्याच्यावाचून खेळ पुढे जात नाही. आपल्यासाठी कुणी थांबतंय हे कळलं ना, की माणूस ताठ उभं राहतं. आणि तू तिला परत भिंतीकडे वळवतेस? जन्म दिलास ना तिला!"

बुरुलकाननं सगळं ऐकलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. "चहा निवतोय एजे," एवढंच ती म्हणाली.

कुन्दुझ रोज सकाळी कोट घालून दारात उभी राहायची. "आपा, मंडळी?" आपा म्हणजे आई. "आज नाही," आपा सांगायची. मग तिनं कोट घालणं सोडलं, पाव आणणं सोडलं. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू लागली. बुरुलकानला ते दिसत होतं. ती तिच्यासमोर ताट ठेवायची, ताट उचलायची.

कानातलं घालायचा दिवस उजाडला. आमच्यात सासूनं मुलीच्या कानात कुंडलं घातली की सोयरीक पक्की. मेंढी कापली, कणकेचे बोर्सोक तळले, जेवणाचं दस्तरखान अंथरलं. कुन्दुझला, तिच्या कोमूझ आणि पेटीसकट, मागच्या खोलीत बसवून बुरुलकाननं बजावलं, "आवाज करायचा नाही."

जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे गाण्यांची फेरी सुरू झाली. मुलाच्या मामानं झकास गाणं म्हटलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. "आता मुलीकडचे!" बुरुलकानचा दीर नुसताच घसा खाकरत राहिला. बाकीच्यांनी माना वळवल्या.

"काय हो विहीणबाई, तुमच्याकडे सगळे मुकेच की काय?" मामा हसत म्हणाले.

टाळ्या थांबल्या होत्या. कुणीच काही करत नव्हतं. कुन्दुझ मंडळीत एक गोष्ट पक्की शिकली होती: टाळ्या थांबल्या की पुढच्यानं आत जायचं, नाहीतर खेळ पडतो. मागचं दार उघडलं. एका हातात कोमूझ, दुसऱ्या हातात पेटी, पेटीवर बोकड!

ती सगळ्यांच्या मधोमध बसली. दोरा बोटाला बांधला, वाजवू लागली. बोकड नाचला, एकदा धडपडला. ती हसली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पाहुणेही हसले, मामांनी ताल धरला. वाजवून झाल्यावर ती उठून म्हणाली, "मी कुन्दुझ. हा माझा बोकड."

कुंडलांची डबी हातात घेऊन तुर्सुनायनं विचारलं, "कोण हो ही? शेजारची का?"

नुसतं "हो" म्हटलं की झालं असतं! आयझातचा संसार उभा राहिला असता. बुरुलकाननं तोंड उघडलं. कुन्दुझ तिच्याकडेच बघत होती. आता आपा बोलणार, म्हणून थांबली होती. गारठलेली बोटं शेकोटीपाशी धरली की आधी ठणकतात, तसं बुरुलकानला आत कुठेतरी ठणकलं.

"माझी," ती म्हणाली. "माझी धाकटी. मी तुमच्याशी खोटं बोलले!"

तुर्सुनायनं डबी मिटली. "म्हणजे पोरं लपवणाऱ्या घरातली सून करतेय मी? उद्या माझ्या नातवंडांत असं एखादं निघालं, तर तुमची लेक त्यालाही कोंडून ठेवणार?"

आयझात उठली. "एकट्या आपानं नाही लपवलं, मीही गप्प बसले. कुंडलं घालायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझी बहीण आता इथेच बसेल."

बुरुलकान सरकली, कुन्दुझला शेजारी बसवलं. मानाप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याचा मांसाचा तुकडा आधीच वाटून झाला होता. कुन्दुझच्या नावाचा काढलाच नव्हता. बुरुलकाननं आपला न खाल्लेला तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि ती सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. कितीतरी वर्षांनी.

तुर्सुनायनं मिटलेली डबी पुन्हा उघडली. मग ती म्हणाली, "रडून झालं की चहा टाका विहीणबाई. आणि पोरीला सांगा, पुन्हा वाजव म्हणावं. कुंडलं घालताना काहीतरी वाजायला हवं की नको?"

वाचकहो, कुन्दुझला सुट्टे पैसे आजही कळत नाहीत, कळणारही नाहीत बहुतेक. कलेनं तिचा आजार बरा केला अशी थाप मी मारणार नाही. गाणं, नाच, नाटक अशा मुलांना चारचौघांत यायला शिकवतं, आणि ती येतात. दार मात्र आपण लावून घेतलेलं असतं. ते उघडा! लाज वाटायचीच असेल, तर ती लावलेल्या कडीची वाटू द्या.